उलटा लागलेला झेंडा

चि. सानूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री किनारा जवळ आला, रेंज मिळाली आणि तुझे मेसेज एकदम येऊन आदळले. ‘बाबा, सगळ्या देशांच्या झेंड्यांतल्या रंगांचा अर्थ सांगणारा तक्ता पाठवा.’ तक्ता मी पाठवणार नाही. तो कुठेही मिळेल, आणि त्यातले बरेच अर्थ मागाहून जुळवलेले असतात. अमेरिकेचंच घे. १७७७ च्या ठरावात तेरा पट्टे, तेरा तारे आणि रंग कोणते एवढंच आहे; ते रंग कशाचे, याबद्दल चकार शब्द नाही. १७८२ मध्ये राजमुद्रा ठरली तेव्हा तिच्या रंगांचा खुलासा झाला, आणि तोच लोकांनी झेंड्यालाही लावून टाकला. लाल रंग चीनच्या झेंड्यावर क्रांतीचा, जपानच्या झेंड्यावर सूर्याचा. पाठ करून काय करणार?

त्यापेक्षा माझी एक फजिती ऐक. मी कॅडेट, म्हणजे जहाजावरचा शिकाऊ अधिकारी, होतो तेव्हाची.

आपलं जहाज परक्या देशाच्या बंदरात शिरतं तेव्हा त्या देशाचा झेंडा डोलकाठीवर चढवायचा, ही समुद्रावरची रीत. पाहुण्याने यजमानाला केलेला नमस्कारच म्हण ना. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, झेंड्यांचं कपाट असतं, त्यात टपाल कचेरीसारखे खण. आम्ही इंडोनेशियाला चाललो होतो. मी खणातून लाल-पांढरा झेंडा काढला, दोरीला अडकवला आणि ओढला वर. पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा तिथला माणूस, शिडी चढून ब्रिजवर आला, डोलकाठीकडे बघितलं आणि कॅप्टनला शांतपणे म्हणाला, “पोलंडला निघालात वाटतं?”

वर लाल, खाली पांढरा म्हणजे इंडोनेशिया. वर पांढरा, खाली लाल म्हणजे पोलंड. मी तो उलटा लावला होता. खाली उतरवून नीट लावेपर्यंत माझे हात थरथरत होते. कॅप्टन नंतर काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

पायलट मात्र रागावला नाही. जाताना त्याने मला सुराबाया या इंडोनेशियातल्या शहराची गोष्ट सांगितली. १९ सप्टेंबर १९४५. स्वातंत्र्याची घोषणा होऊन महिनाच झालेला, आणि तिथल्या एका हॉटेलवर जुन्या राज्यकर्त्या डच लोकांनी आपला लाल-पांढरा-निळा झेंडा फडकवला. पोरं छपरावर चढली. त्यांनी नवा झेंडा आणला नाही. खालची निळी पट्टी टरकन फाडली आणि उरलेला तुकडा पुन्हा वर चढवला. झाला इंडोनेशियाचा झेंडा! असंच रुमानियात १९८९ च्या डिसेंबरात झालं. लोकांनी झेंड्यामधलं कम्युनिस्ट राजवटीचं चिन्ह कापून काढलं आणि मधोमध भोक असलेले झेंडे घेऊन रस्त्यावर आले. चिन्ह गेल्यावर उरला निळा-पिवळा-लाल, म्हणजे जवळजवळ आफ्रिकेतल्या चाड देशाचाच झेंडा. दोघांचे आजही तसेच आहेत. १९३६ च्या ऑलिम्पिकमध्ये तर लिक्टेनस्टाइन आणि हैती यांना आपले झेंडे सारखेच असल्याचा पत्ता लागला. पुढच्याच वर्षी लिक्टेनस्टाइनने आपल्या झेंड्यात मुकुट घातला.

तुझा दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे: तुमच्या जहाजावर एकही माणूस पनामाचा नाही, मग मागे झेंडा पनामाचा का? कारण जहाजाच्या मागच्या टोकाला असतो तो झेंडा नमस्काराचा नसतो, तो जहाजाचं नागरिकत्व सांगतो. जहाजाची नोंदणी ज्या देशात, त्याचा झेंडा, आणि भर समुद्रात त्याच देशाचा कायदा. नोंदणी सोपी आणि कराचा भार कमी म्हणून मालक लोक पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं असे देश निवडतात. मला हे फारसं पटत नाही. खलाशाचा पगार थकला तर दाद मागायला त्याने कुठे जायचं? पण आपल्यासारख्यांची घरंही याच जहाजांवर चालतात, तेही खरं. आणि गंमत म्हणजे मंगोलियाला समुद्रच नाही, तरी त्याच्या झेंड्याखाली जहाजं फिरतात. किनारा नसलेल्या देशांचा हा हक्क १९२१ पासून मान्य आहे. एक बंधन मात्र पक्कं: झेंडा एकच हवा. सोयीप्रमाणे दोन-दोन वापरणारं जहाज कुठल्याच देशाचं धरलं जात नाही.

अर्ध्यावरच्या झेंड्याबद्दलही विचारलं होतंस. तो थेट अर्ध्यापर्यंत चढवून थांबायचं नसतं. आधी पार टोकापर्यंत न्यायचा, क्षणभर थांबायचं, मग सावकाश खाली आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा टोकाला नेऊन मगच उतरवायचा. सौदी अरेबियाचा झेंडा शोकातही अर्ध्यावर येत नाही. त्यावर कलमा, म्हणजे इस्लामचं श्रद्धावचन, लिहिलेला आहे. फिलिपिन्सचा उलटा दिसला तर तो माझ्यासारख्या कॅडेटचा घोटाळाच असेल असं नाही बरं का. तिथे निळा वर म्हणजे शांतता, लाल वर म्हणजे युद्ध.

आमचा पनामाचा झेंडा सध्या आखूड झालाय. वाऱ्याने मोकळी कड आधी विरते. मग बोसन, म्हणजे आमच्या खलाशांचा मुकादम, विरलेला भाग कापतो आणि नवी दुमड शिवतो. दोनदा शिवून झालंय. खालच्या कोपऱ्यातला लाल तारा आता अगदी कडेला आलाय. भर समुद्रात आम्ही तो उतरवूनच ठेवतो, बंदर जवळ आलं की लावतो. नवा झेंडा पुढच्या बंदरात मिळणार आहे. जुना मागून बघतो, पण कॅप्टन देतील असं वाटत नाही.

आता पायलट येईल. मी वर जातो, झेंडा नीट लागलाय ना ते बघायला.

तुझा,
बाबा