एकच जिना, दोन खाती

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री आणि
मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : बारावीच्या इंग्रजीला पदवीचे क्रेडिट देण्याआधी

महोदय,
स.न.वि.वि.

पत्र एक आणि पत्ते दोन, हा माझा वेंधळेपणा नाही. साताऱ्याजवळच्या एका महाविद्यालयात मी सहा वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं. तळमजल्यावर कनिष्ठ महाविद्यालय, वर वरिष्ठ. मुलं तोच जिना चढून एफवायला जायची. पण तळमजला शालेय शिक्षण खात्याचा आणि वरचा मजला उच्च शिक्षण खात्याचा. वर एफवायची मुलं काय वाचतात, काय लिहितात, हे सहा वर्षांत मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वरच्या सरांनी आमचं ‘युवकभारती’ हे इंग्रजीचं पाठ्यपुस्तक कधी उघडून पाहिलं असेल, असं वाटत नाही. चहा मात्र आम्ही एकाच टपरीवर प्यायचो.

गेली बरीच वर्षं मी अमेरिकेत मिनेसोटात आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं इंग्रजी इथल्या हायस्कुलांत शिकवलं जातं, त्याचं समन्वयाचं काम करते. ह्या पद्धतीला इथे ‘कन्करंट एन्रोलमेंट’ म्हणतात. मुलगी आपल्याच शाळेत, आपल्याच बाईंकडे लिहायला शिकते, आणि वर्ग संपला की तिच्या नावावर कॉलेजचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, जमा होतात. बाई शाळेच्या, अभ्यासक्रम आणि गुणपत्रक कॉलेजचं. दोघांच्या मध्ये मी.

आत्ताच लिहायचं कारण म्हणजे २०२३चा राष्ट्रीय क्रेडिट आराखडा. शाळेपासूनचं शिक्षण क्रेडिटमध्ये मोजायचं आणि ते अकॅडेमिक बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या डिजिटल खात्यात, जमा करायचं, हे त्यात आलं आहे. बारावी चौथ्या पातळीवर, पदवीचं पहिलं वर्ष साडेचारवर. अंतर अर्ध्या पायरीचं. बारावीत चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्या मुलाने एफवायला तेच पुन्हा का करावं, असं उद्या कुणीतरी विचारणार. प्रश्न रास्त आहे. मला भीती आहे ती आपल्याकडच्या ठरलेल्या उत्तराची : घ्या एक परीक्षा.

अमेरिकेत तोही मार्ग आहे. १९५०च्या दशकापासून चालत आलेली ‘एपी’ची (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षा, हायस्कुलात असतानाच द्यायची. मे महिन्यात एक पेपर, एक ते पाच गुण, आणि कितीला क्रेडिट द्यायचं ते ज्याच्या त्याच्या कॉलेजने ठरवायचं. पण आपल्याकडे पेपर आला की त्याच्या मागोमाग गाईड येतं. बारावीच्या पेपरात अपील, मुलाखतीचे प्रश्न, सूत्रसंचालन असे लेखनाचे प्रश्न आहेत. कल्पना चांगली होती. आमच्या वर्गातल्या साठ मुलांनी मात्र रक्तदानाचं एकच अपील लिहिलं होतं, उद्गारचिन्हांसकट एकच. मी साठही जणांना गुण दिले. दुसरं काय करणार होते?

दुसरा मार्ग, म्हणजे कन्करंट एन्रोलमेंट, वर्गातल्या कंटाळ्यातून निघाला. १९७२ साली सिरॅक्यूज विद्यापीठाने आसपासच्या हायस्कुलांत आपले विषय नेले, कारण शेवटच्या वर्षाची हुशार मुलं वर्गात नुसती बसून होती. मिनेसोटाने १९८५ साली अकरावी-बारावीच्या मुलांना कॉलेजचे विषय घेता यावेत म्हणून कायदा केला. पण कायद्याने दार उघडलं एवढंच. शाळेतला ‘ए’ (सगळ्यात वरची श्रेणी) आणि कॉलेजातला ‘ए’ एकाच वजनाचा आहे हे कोण बघणार, हा प्रश्न उरलाच. १९९९ साली अशा कार्यक्रमांची राष्ट्रीय संघटना निघाली, तिने पुढे मानकं ठरवली, तीही मुख्यतः ह्याचसाठी.

वजन कसं सारखं होतं, ते एकदा बघा. ऑगस्ट महिना, शाळा उघडायच्या आधीचा आठवडा. लांब टेबल, कॉफीचा थर्मास, चौदा शिक्षक. त्यातले तीन कॉलेजचे, बाकी शाळांचे. सगळ्यांपुढे एकाच मुलाच्या निबंधाची प्रत, नाव खोडलेलं. आजोबांनी गायी का विकल्या, हा विषय. बावीस वर्षं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ए मायनस, भाषा किती स्वच्छ आहे बघा. शेजारचा म्हणाला, सी. चार पानं झाली तरी ह्याला म्हणायचं काय आहे ते कळत नाही. कोपऱ्यातून आवाज आला, डी. दुसऱ्या पानावरचे दुधाचे भाव ह्याने आणले कुठून? दीड तास भांडण. बाई चिडून एकदा बाहेरही जाऊन आल्या. तिसऱ्या निबंधाला आम्ही सगळे बी आणि सी प्लसच्या मध्ये कुठेतरी आलो होतो.

समन्वय तो एवढाच, हा दीड तास. बाकी सगळी फॉर्मभरणी. वर्षातून एकदा मी बर्फातून गाडी हाकत शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसते, तेही ह्या दीड तासाचंच शेपूट.

एका बाबतीत अमेरिका अडली आणि आपण अडणार नाही. ह्या भागातल्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या हायर लर्निंग कमिशनने २०१५ साली स्पष्ट केलं की, कॉलेजचा विषय शिकवणाऱ्याची मास्टर्स त्याच विषयातली हवी. दुसऱ्या विषयातली असेल तर शिकवायच्या विषयातले पदव्युत्तर पातळीचे निदान १८ क्रेडिट तरी हवेत. इथल्या बऱ्याच शाळाशिक्षकांची मास्टर्स शिक्षणशास्त्रातली. धाबं दणाणलं, मुदतवाढीवर मुदतवाढ द्यावी लागली. आपल्याकडे कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला इंग्रजीतलं एम.ए. आणि बी.एड. लागतं. म्हणजे हवा तो माणूस तळमजल्यावर बसलेलाच आहे. त्याला वर बोलवायचं की वरच्यांना खाली, एवढंच ठरवायचं आहे. (नेट-सेट ह्या पात्रता परीक्षा पास झालेल्या वरच्या प्राध्यापकांना खाली यायला कमीपणा वाटेल. वाटू द्या. चार बैठकांत जातो.)

आता एक वाईट बाजू, कारण जाहिरातीत ती कुणी सांगत नाही. माझ्या एका शाळेतल्या सोळा वर्षांच्या मुलाने हौसेने हा विषय घेतला. नोव्हेंबरपर्यंत तो बुडत होता. विषय सोडायची कॉलेजची शेवटची तारीख त्याला कुणी सांगितली नव्हती. शाळेला वाटलं कॉलेज कळवेल, कॉलेजला वाटलं शाळा. डिसेंबरात त्याच्या कॉलेजच्या गुणपत्रकावर डी पडला आणि तो तिथेच राहणार, पुढच्या प्रवेशाला आणि आर्थिक मदतीला तो मोजला जाणार. ती तारीख सांगणं माझं काम होतं. त्या वर्षी मला शिकवायचे पूर्ण तास देऊन वर हे काम ‘जमेल तसं बघा’ म्हणून सांगितलं होतं, हेही खरं. पण मुलाला त्याचं काय?

म्हणून माझं मागणं क्रेडिटचं नाहीच, माणसाचं आहे. इंग्रजीचा एक समन्वयक, ज्याचे तास कार्यभारात धरले आहेत, ज्याला दोन्ही खात्यांचं पत्र आहे आणि दोन्ही मजल्यांवरच्या वर्गांत जाऊन बसायची मुभा आहे. ‘अतिरिक्त कार्यभार’ ह्या दोन शब्दांत आपल्याकडे किती योजना पुरल्या गेल्या, हे आपणा दोघांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि मुलाला विषय सोडायची तारीख पहिल्याच दिवशी, मराठीत, पालकांच्या सहीनिशी हातात पडावी.

शासन निर्णय नंतर काढा. आधी एक जिल्हा घ्या, माझा सातारा घेतलात तर आनंद आहे. जिथे कनिष्ठ आणि वरिष्ठ एकाच इमारतीत आहेत अशी पाचसहा महाविद्यालयं निवडा. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एखाद्या शनिवारी दोन्ही मजल्यांवरच्या इंग्रजीच्या शिक्षकांना एका टेबलाशी बसवा आणि तीन निबंध पुढे ठेवा, नावं खोडून. फक्त रक्तदानाचं अपील नको. चहाचे पैसे मी पाठवते.

आपली,
साताऱ्याची एक जुनी कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षिका,
सध्या मुक्काम मिनेसोटा