पुरस्काराचा प्रस्ताव शिक्षकानेच का लिहावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याचे पहिले दोन महिने सरत आले, की तालुक्याच्या गावातील झेरॉक्सच्या दुकानांत शिक्षकांची ओळखीची गर्दी दिसू लागते. कुणाच्या हातात वर्तमानपत्रांची कात्रणे असतात, कुणाच्या हातात सत्कारांची छायाचित्रे, कुणी सरपंचांच्या शिफारसपत्राची रंगीत प्रत काढून घेत असतो, आणि दुकानदार त्या सगळ्याला स्पायरल बाइंडिंग करून वर पारदर्शक कव्हर लावून देतो. हा झाला आदर्श शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव. मी जिल्हा परिषदेच्या सेवेत एकतीस वर्षे काढली, त्यांतील शेवटची नऊ वर्षे एका आदिवासी तालुक्यात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून, आणि या काळात असे कितीतरी प्रस्ताव माझ्या सहीने पुढे गेले. ज्यांचे प्रस्ताव गेले त्यांतील अनेक जण खरोखरच गुणी होते, हे आधी सांगितले पाहिजे. मला लिहायचे आहे ते ज्यांचा प्रस्ताव कधी तयारच होत नाही अशा शिक्षकांविषयी.

माझ्या केंद्रात एक दोनशिक्षकी शाळा होती. पहिली ते चौथीचे वर्ग, पट तिसाच्या आत, आणि मुलांच्या घरची बोली पाठ्यपुस्तकातील मराठीहून निराळी. एकदा मी भेटीला गेलो तेव्हा सहकारी गुरुजी मतदार यादीच्या कामासाठी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) म्हणून तहसील कचेरीत गेलेले होते आणि बाई एकट्याच चारही वर्ग सांभाळत होत्या. मी मागच्या भिंतीला टेकून बसलो. तिसरी-चौथीची मुले फळ्यावरील उताऱ्यातले न कळलेले शब्द वहीत उतरवून त्यांच्यापुढे आपल्या बोलीतला शब्द लिहीत होती. पहिलीची मुले चिंचोके मोजत होती. आणि बाई दुसरीच्या सात मुलांना घेऊन वजाबाकी शिकवत होत्या. समोर रबर लावलेले दहा-दहा काड्यांचे तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. बत्तिसातून सतरा काढायचे होते. सुट्या दोनच, आणि द्यायच्या सात. बाई काही बोलल्या नाहीत. बराच वेळ तसाच गेला. मग एका मुलीने एका गठ्ठ्याचे रबर ओढून काढले, दहा काड्या जमिनीवर पसरल्या, आणि आपल्या हातून काही मोडले की काय अशा नजरेने ती बाईंकडे पाहू लागली. बाईंनी एवढेच विचारले, “आता सुट्या किती झाल्या?” तिने मोजून बारा सांगितल्या. ‘हातचा’ हा शब्द बाईंनी उच्चारला तो त्यानंतर.

प्रशिक्षणाच्या सभागृहांत ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला होता; मूल आपले ज्ञान स्वतः घडवते, हा त्याचा अर्थ मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसला. शाळा सुटल्यावर मी बाईंना म्हणालो, “बाई, यंदा तुमचा प्रस्ताव पाठवू या.” त्यावर त्या म्हणाल्या, “सर, फाइल कधी करू? पोषण आहाराची माहिती भरायला रेंज मिळावी म्हणून मी रोज त्या टेकाडावर चढते.” शेवटी मीच चार पाने लिहून पाठवली. ती परत आली. उपक्रमांची छायाचित्रे, बातम्यांची कात्रणे आणि पूर्वी मिळालेल्या पुरस्कारांचे पुरावे जोडलेले नाहीत, असा शेरा वर होता. त्या पाड्यावर बातमीदार कधी आलेला नव्हता, आणि ती मुलगी गठ्ठा सोडत असताना छायाचित्र काढावे हे मलाही सुचले नव्हते.

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिला जातो. २०१८ पासून त्यासाठी शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन नामनिर्देशन करावे, अशी पद्धत आली. तिच्यामागचा हेतू चांगला होता, हे मान्य करायला हवे. वरून नावे सुचवली जात तेव्हा वशिला आणि संघटनांचे वजन यांबद्दल सतत कुजबुज असे. आता कुणाच्या मर्जीवाचूनही शिक्षकाला आपले नाव पुढे ठेवता येते. परंतु ज्याला वशिला नाही त्याच्यासाठी उघडलेले हे दार ज्याला वेळ नाही त्याच्यासाठी बंदच राहिले. आपल्या राज्याच्या पुरस्कारातही प्रस्ताव, त्याची तपासणी, मुलाखत असाच प्रवास असतो, आणि या सगळ्यात शिक्षकाचा तास कुणी बसून पाहिला का, हा प्रश्न शेवटपर्यंत विचारला जात नाही. मुलाखतीत बोलता येणे आणि फाइल नेटकी लावणे ही कौशल्ये वाईट नव्हेत. मात्र दुसरीतील मुलीला दहा मिनिटे विचार करू देणाऱ्या शिक्षिकेचे कौशल्य त्यांतून दिसत नाही.

शोधण्याचे काम यंत्रणेने करावे, शिक्षकाने नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी नवे पद निर्माण करावे लागत नाही. प्रत्येक केंद्राला केंद्रप्रमुख आहे, काही केंद्रे मिळून होणाऱ्या बीटाला विस्तार अधिकारी आहे, आणि शाळाभेट हे त्यांचे नेमून दिलेले कामच आहे. केंद्रप्रमुखाने वर्षभरात, शिक्षकाला न सांगता, प्रत्येक शाळेत निदान दोन पूर्ण तास वर्गात बसून पाहावेत, पाहिलेले साध्या शब्दांत लिहून काढावे, आणि आपल्या केंद्रातील दोन नावे कारणांसह कळवावीत. दुसऱ्या तालुक्यातील अधिकारी आणि एखादा जुना पुरस्कारप्राप्त शिक्षक यांनी त्या वर्गात जाऊन खातरजमा करावी. यात पक्षपात होणार नाही असे नाही, पण जो लिहितो त्याला आपल्या लेखी कारणांखाली सही करावी लागेल. अडचण आहे ती निराळीच. केंद्रप्रमुखांची पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवून एकेकाकडे दोन-तीन केंद्रांचा कार्यभार दिला, तर तो वर्गात कधी बसणार? मी स्वतः अतिरिक्त कार्यभाराच्या काळात कित्येक भेटी मस्टर आणि पट पाहून, सही करून आटोपल्या आहेत, आणि त्या काळात माझ्या नजरेतून किती गुणी शिक्षक सुटले असतील याची रुखरुख मला आजही आहे.

गौरव झाला, पुढे काय, हा प्रश्न मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. पूर्वी पुरस्कारप्राप्त शिक्षकांना आगाऊ वेतनवाढी मिळत. त्या बंद झाल्या आणि त्यांच्या जागी एकरकमी रक्कम आली. रक्कम जरूर द्यावी. पण उत्तम शिक्षकाला सर्वांत जास्त गरज असते ती शिकायला आणि शिकवायला मोकळ्या वेळेची. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, तेव्हा सबंध महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. पुढे २०२२ च्या जानेवारीत त्यांच्या परदेशातील अभ्यासासाठीच्या रजेचा प्रश्न वादाचा होऊन थेट शिक्षणमंत्र्यांपर्यंत गेला. त्या वादात कुणाची बाजू किती खरी, यात मी शिरत नाही. जगाने गौरवलेल्या शिक्षकाच्या रजेचा निर्णय जर मंत्र्यांच्या दालनात होत असेल, तर पाड्यावरील बाईंनी एम. एड. करण्यासाठी अर्ज कुणाच्या भरवशावर करावा, एवढेच मला विचारायचे आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. माझ्या केंद्रातील एकाही प्राथमिक शिक्षकाने माझ्या काळात ती घेतलेली मी पाहिली नाही, कारण बदली शिक्षक मिळणार नाही आणि शाळा उघडी पडेल, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, असे म्हटले आहे. तास भरतातही. मोबाइलवर चित्रफीत चालू ठेवायची, शेवटची प्रश्नावली सोडवायची आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, हे आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. शिक्षकांना दोष देण्याआधी हे पाहावे, की तोच शिक्षक त्याच मोबाइलवर यू-डायस या शासकीय नोंदप्रणालीसाठी शाळेची माहिती, आहाराची नोंद आणि दर दोन दिवसांनी ‘तातडीचे’ म्हणून मागवलेले तक्ते भरत असतो. खरे शिकणे मी पाहिले ते केंद्रातील शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, तेही ज्या परिषदेत आम्ही परिपत्रकांचे वाचन अर्ध्या तासात संपवले त्यात. एकदा त्याच बाईंना मी काड्यांचे गठ्ठे घेऊन यायला सांगितले. त्या आधी फार संकोचल्या, मग बोलू लागल्या, आणि पंचवीस-तीस वर्षे सेवा झालेल्या एका गुरुजींनी उठून सांगितले, की मी आजवर ‘शेजारून एक उसना घ्या’ असे नुसते पाठ करून घेत आलो, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. त्या दिवशी बाईंचा जो मान झाला, तो शाल-श्रीफळाने झाला नसता. अशा शिक्षकांना आठवड्यातून एक दिवस शेजारच्या शाळांत शिकवायला पाठवावे, त्या दिवशी त्यांच्या वर्गाची सोय करावी आणि या कामाची नोंद त्यांच्या सेवापुस्तिकेत व्हावी. बारा वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी आणि चोवीस वर्षांनंतरच्या निवडश्रेणीसाठी जे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्यात हे काम मोजले जावे.

समान संधीविषयी बोलताना गप्प राहणे मला जमणार नाही. राज्यात २००० पासून शिक्षणसेवक योजना आहे. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे मानधनावर राबतो. २०२३ पूर्वी प्राथमिक शाळेत हे मानधन महिन्याला ६,००० रुपये होते, ते आता १६,००० आहे. ‘कायम विनाअनुदानित’, म्हणजे शासनाचे अनुदान कधीच न मिळणाऱ्या, शाळांपुढचा ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये काढला गेला, परंतु टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या अनुदानाचा एकेक टप्पा मिळवण्यासाठी तेथील शिक्षकांना आझाद मैदानावर वारंवार बसावे लागले. आश्रमशाळांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची तर सेवापुस्तिकाच नसते. त्यांच्या चांगुलपणाची नोंद करायची कुठे? गुण हा नेमणुकीच्या आदेशावर अवलंबून नसतो. म्हणून पुरस्काराचा आणि प्रशिक्षणाचा विचार करताना हे शिक्षक पहिल्या रांगेत यायला हवेत, आणि त्याआधी त्यांचे वेतन वेळेवर व्हायला हवे.

शिक्षिकांचा प्रश्न याहून थोडा निराळा आहे. एका निवासी प्रशिक्षणात सभागृहाच्या ओसरीवर एक आजी नातवाला मांडीवर घेऊन तिन्ही दिवस बसलेल्या मी पाहिल्या. बाळाची आई आत प्रशिक्षण घेत होती आणि मधल्या सुट्टीत धावत बाहेर येत होती. तेथे एक खोली, एक सतरंजी आणि एक पाळणा एवढी सोय करायला फारसा खर्च आला नसता. नंतर तिने पुढचे प्रशिक्षण नाकारले आणि ‘उत्साह नाही’ असे मत तिच्याविषयी होऊन बसले. राज्याचा पुरस्कार ज्यांच्या नावाने दिला जातो, त्या सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे घेतले होते. शिकवण्याआधी स्वतः शिकण्याची संधी त्यांना मिळाली, ती त्यांच्या पाठीशी घरचे माणूस उभे होते म्हणून. आज शासनाने शिक्षिकेच्या पाठीशी तसे उभे राहायला हवे.

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे अशा शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होणे आवश्यक ठरवले. परीक्षेला माझा विरोध नाही, कारण मुलांना पात्र शिक्षक मिळालाच पाहिजे. परंतु वीस-बावीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या नियमांप्रमाणे नेमणूक झालेल्या माणसाला एकट्याने पुस्तक घेऊन बसायला लावणे म्हणजे आधार नव्हे. शिक्षण परिषदेचे काही तास या अभ्यासाला द्यावेत, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या (डाएट) अधिव्याख्यात्यांनी केंद्रावर यावे, आणि ज्यांना बालमानसशास्त्र हातच्या मळासारखे येते त्या आपल्याच सहकाऱ्यांनी इतरांना शिकवावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत असे सांगितले आहे. निवडणुकीचे काम कायद्यात बसते, तरी दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षक त्यासाठी वारंवार बाहेर काढणे टाळता येण्यासारखे आहे. ज्या शाळेत शिक्षक जास्त आहेत तेथून तो घ्यावा.

त्या बाई अजून त्याच शाळेत आहेत आणि त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. त्यांना विचारून हे पत्र लिहिले असते तर त्यांनी नको म्हटले असते, म्हणून त्यांचे आणि गावाचे नाव मी लिहिलेले नाही. यंदाच्या प्रस्तावांची मुदत संपण्याआधी आपल्या जिल्ह्यातील केंद्रप्रमुखांनी आपापल्या केंद्रातील अशा एका तरी वर्गात तासभर बसावे आणि जे पाहिले ते चार ओळींत लिहून वरिष्ठांकडे पाठवावे, कात्रणे नसली तरी पाठवावे, अशी माझी त्यांना या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख