मुलींना मैदानाची वेळ द्या

मा. संपादक, स. न.

माझी मुलगी नववीत आहे, फुटबॉल खेळते, गोलकीपर आहे. सिडकोतल्या आमच्या गल्लीत तिला कुणी उघड नावं ठेवत नाही. सगळे काळजीनेच बोलतात. ‘उन्हात काळवंडली पोर.’ ‘गुडघ्याला काही झालं तर उद्या लग्नाचं कसं?’ ‘आता मोठी झाली, चड्डीवर खेळणं बरं दिसतं का?’ चेंडू अडवायला झेप घेतली की तिचं कोपर सोलवटतं, खपली धरेपर्यंत पुन्हा सोलवटतं. माझ्या पुतण्याचंही तसंच होतं, पण त्याच्या लग्नाची चिंता कुणी करत नाही.

सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा नाशिकने तिला डोक्यावर घेतलं. तीही उन्हातच धावली होती. मग फुटबॉलचंच वावडं का?

या बोलण्याचा परिणाम मैदानावर दिसतो. नववी-दहावीत एकेक मुलगी गळत जाते. उरलेल्या मुली संध्याकाळी जातात तर गोलपोस्टसमोरच क्रिकेटचे स्टंप ठोकलेले असतात. ‘पाचच ओव्हर राहिल्यात, थांबा गं’ असं म्हणता म्हणता अंधार पडतो. स्वच्छतागृहाला कुलूप, म्हणून या मुली घरून निघताना पाणीसुद्धा पीत नाहीत. हे मला फार लागतं.

बायकांचा फुटबॉल बघायला कोण येणार, असंही ऐकवतात. १९२० साली लिव्हरपूलला महिलांचा सामना बघायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ‘हा खेळ बायकांना शोभत नाही’ म्हणत आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. बंदी उठायला जवळपास ५० वर्षं गेली. आपल्या मुलींनी जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असं हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. आमच्या घरात त्या दिवशी शिरा झाला होता.

महापालिकेने प्रत्येक विभागातल्या एका तरी मैदानावर आठवड्यातून तीन संध्याकाळी पाच ते सात ही वेळ फक्त मुलींसाठी ठेवावी, तसा फलक लावावा आणि त्या वेळेत स्वच्छतागृह उघडं असेल याची जबाबदारी एका माणसावर द्यावी. आणि शेजारपाजारच्या काकू-मावशींनी एकदा सामना बघायला यावं. मी सोबत येईन.

– एका गोलकीपरची आई, सिडको, नाशिक