बायबलचे पुस्तक सलग वाचायला शिकवणाऱ्या बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

आपण मिरजेला लेकीकडे राहायला गेल्यापासून हे पत्र लिहायचे मनात होते. ते उघडपणे लिहीत आहे याचा आपल्याला संकोच वाटेल, हे मी जाणतो. परंतु निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या पट्ट्यातल्या लहान लहान मंडळ्यांमध्ये बायबल घरोघरी असूनही त्यातले एखादे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली माणसे थोडीच भेटतात, आणि आपण गुरुवारच्या वर्गात आमच्याकडून जे करून घेतलेत ते त्यांच्याही कानावर जावे, असे मला वाटते. आपले नाव मात्र लिहीत नाही.

आमच्यापैकी बहुतेकांना वचने येत होती, पुस्तके येत नव्हती. कॅलेंडरावरचे वचन, नववर्षाच्या उपासनेत चिठ्ठी उचलून मिळालेले वचन, आजाऱ्याच्या उशाशी म्हणायचे 23वे स्तोत्र, एवढ्यावर आमचे चालले होते. त्यात गैर काही नाही, आणि आपणही त्याला कधी नावे ठेवली नाहीत. आपण एवढेच सांगितलेत की अध्यायांचे आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. अध्याय तेराव्या शतकात पडले आणि नव्या कराराची आज आपण वापरतो ती वचनांची विभागणी 1551 साली रोबेर एस्तियन नावाच्या मुद्रकाने छापली. तेव्हा निदान पहिल्या वाचनाला आकड्यांकडे डोळेझाक करावी आणि आलेले पत्र जसे आपण एका बैठकीत वाचतो तसे ते वाचावे.

सुरुवातीला आपण फिलेमोनाला लिहिलेले पत्र निवडलेत. एकच अध्याय, 25 वचने. प्रेषित पौल बंदिवासातून लिहितो आहे. ज्याच्या घरी मंडळी जमते असा फिलेमोन समोर आहे. आणि त्याला सोडून गेलेला त्याचा दास अनेसिम आता विश्वासात येऊन परत पाठवला जात आहे. त्याच्याकडून तुझे काही येणे असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, असे पौल स्वतःच्या हाताने लिहून देतो. मी तंबाखूच्या वखारीत खतावणी लिहिणारा माणूस. दुसऱ्याची उधारी आपल्या नावावर घेणे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ख्रिस्ताने आपल्यासाठी काय केले यावरची अनेक प्रवचने मी ऐकली होती, पण ती गोष्ट मला खऱ्या अर्थाने उमगली ती त्या दोन वचनांपाशी.

आपल्या वहीचे रकाने ठरलेले होते: कोणी लिहिले, कोणाला, कोणत्या अडचणीत, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते, ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकले त्यांना काय समजले असेल, आणि शेवटी, आज मी काय करणार. हा शेवटचा रकाना आपण कुणाला घाईने भरू दिला नाहीत. ‘देवावर विश्वास ठेवीन’ असे कोणी लिहिले तर आपण ते खोडून, कोणाशी, कोणत्या कामात, कधी, ते लिहा, असे सांगायचात. पुष्कळांना हे जाचक वाटे. मलाही वाटे.

यिर्मयाचा 29वा अध्याय आपण घेतलात तो गुरुवार वर्गातले कोणीच विसरलेले नाही. 11वे वचन, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत हे, आमच्या निम्म्या घरांच्या भिंतीवर होते. ते एका पत्रातले वचन आहे आणि ते पत्र बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेहून बाबेलला नेलेल्या बंदिवानांना यिर्मयाने पाठवलेले आहे, हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्याच्या आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो आहे की दोन वर्षांत सगळे परत येईल. आणि यिर्मया लिहितो आहे की सत्तर वर्षे लागतील, तोवर घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा. म्हणजे ज्यांनी ते वचन प्रथम ऐकले त्यांच्यापैकी बहुतेक म्हाताऱ्यांना आपण परत जाणार नाही हेच कळले असणार, आणि तरीही ते आशेचे वचन होते. भिंतीवरच्या तसबिरीत यातले काहीच दिसत नाही.

त्याच अध्यायातल्या 7व्या वचनाशी, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे हित चिंता आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा या आज्ञेशी, सीमाभागातला मराठी माणूस थांबल्यावाचून राहत नाही. वर्गात कोणीतरी 1956च्या राज्य पुनर्रचनेचा विषय काढलाच. आपण तो दडपला नाहीत, पण एवढेच विचारलेत की आपल्याला कोणी बांधून कुठे नेले आहे काय. आपण आपल्याच गावात, आपल्याच घरात बसलो आहोत, तेव्हा बंदिवानांचे दुःख उसने घेऊ नये, आणि जी आज्ञा बंदिवानांनाही होती ती आपल्याला अवघड असण्याचे कारण नाही. सीमाप्रश्नावर माझे मत आहे ते आहे, आणि ते या पत्राचा विषय नाही. त्या दिवशी माझ्या वहीतल्या शेवटच्या रकान्यात मात्र, गल्लीतल्या ज्या म्हाताऱ्यांना कन्नड वाचता येत नाही त्यांचे पेन्शनचे आणि रेशनचे अर्ज भरून द्यायचे, असे लिहिले गेले, आणि ते काम अजून चालू आहे. आपल्या वर्गात दोघी-तिघी कन्नड सत्यवेद, म्हणजे कन्नड बायबल, उघडून बसत आणि उतारा दोन्ही भाषांत मोठ्याने वाचला जाई; त्यामुळे हा विषय कडवट झाला नाही, असेही मला वाटते.

फिलिप्पैकरांस पत्र आम्ही झपाट्याने संपवले. मला सर्व काही करण्यास सामर्थ्य आहे, हे वचन परीक्षेच्या काळात मुलांना लिहून देण्याची आमच्यात रीत आहे. त्याच्याआधी पौल भुकेले राहणे आणि तृप्त राहणे दोन्ही शिकलो असे म्हणतो, हे दाखवून आपण पुढे गेलात.

सर्वांत अधिक ऋण मात्र लेवीय 19 चे. लेवीय हे यज्ञ आणि सोवळ्याओवळ्याचे पुस्तक म्हणून आम्ही नेहमी ओलांडून जात असू. आपण रूथ वाचायला घेतलेत आणि बवाजाच्या शेतात रूथ सरवा वेचते तिथे थांबून विचारलेत की हा बवाजाचा दयाळूपणा आहे की कायदा आहे. सुगीनंतर भुईमुगाच्या रानात शेंगांचा सरवा वेचणाऱ्या बायका आम्ही लहानपणापासून पाहिल्या आहेत. मालक ओरडला नाही तर तो भला, एवढीच आमची समजूत. लेवीय 19:9-10 उघडल्यावर दिसले की शेताच्या कडा आणि गळालेले कणीस गरिबासाठी व परदेशीयासाठी सोडणे हा त्यांचा हक्क होता, आणि बवाज त्याच्याही पुढे जाऊन पेंढ्यांतून मुद्दाम काढून टाकायला सांगतो. नंतर याकोबाचे पत्र आले. त्याच्या दुसऱ्या अध्यायात ‘आपल्यासारखी शेजाऱ्यावर प्रीती कर’ आणि तोंड पाहून न्याय न करणे, तर पाचव्यात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. हे तिन्ही लेवीय 19 मध्ये जवळ जवळ आहेत, आणि मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नये हे 13वे वचनही तिथेच. त्याच अध्यायाच्या शेवटी तागडी आणि वजने खरी असावीत ही आज्ञा. सरवा, मजुरी आणि काटा एकाच अध्यायात, आणि मध्येच शेजाऱ्यावरची प्रीती! निपाणीत तंबाखूचा काटा आणि विडी कामगार बायकांची छाट, म्हणजे वळलेल्या विड्या नाकारणे, ज्याने पाहिली आहे, त्याला ही प्रीती केवळ मनातली भावना आहे असे वाटणे शक्य नाही. आमच्या वखारीत आठवड्याची मजुरी शनिवारी संध्याकाळी न देता सोमवारवर ढकलण्याची सवय होती. मी मालकांशी बोललो. मजुरीचे पत्रक शुक्रवारीच तयार करून देण्याची जबाबदारी मी घेतली, आणि आता शनिवारी वाटप होते. यात मोठेपणा काही नाही, पण त्या बायकांना रविवारचा बाजार करता येतो.

एका बाबतीत माझे आपल्याशी जमले नाही, ते या आभारपत्रातही लिहितो. पुस्तक संपेपर्यंत टीकाग्रंथ, म्हणजे वचनांचा अर्थ उलगडून सांगणारा ग्रंथ, उघडायचा नाही, हा आपला नियम छोट्या पत्रांना ठीक आहे. दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांना तो लावला की वर्गात ज्याचा आवाज मोठा त्याचा अर्थ चालतो. 1831 साली बेळगावातच जन्मलेल्या बाबा पद्मनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली ती आपल्यासारख्या वाचकांसाठीच ना? आपण यावर हसून, आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, एवढेच म्हणाला होतात.

वर्ग चालू आहे. आता पाळकसाहेबांच्या घरी बसतो आणि हबक्कूक घेतले आहे. खास्दी, म्हणजे बाबेलचे, लोक आपल्याहून दुष्ट असताना देव त्यांच्या हातून शिक्षा का करवतो, या पहिल्या अध्यायातल्या प्रश्नाशी सगळे अडले आहेत, आणि तरुण मुले उत्तरासाठी लगेच रोमकरांस पत्राकडे धाव घेतात. आपल्या जुन्या वहीत या पुस्तकावरचे प्रश्न असतील तर ते कोणाच्या तरी हाती पाठवावेत, किंवा फोनवर सांगितलेत तर मी लिहून घेईन. गुरुवारच्या आत मिळाले तर बरे.

आपला विद्यार्थी,
निपाणी