बी-ए-एनचं पान

काय भो पंक्या,

पुण्याला गेला तसा तू गायबच झाला, मेसेजलाही नुसता अंगठा पाठवतो, म्हणून म्हटलं आता लांबलचक पत्रच टाकू, वाचशील झक मारत. इकडे सावद्यात सगळं ठीक, केळीच्या गाड्या भरणं चालूय, भाव विचारू नको.

भाचा स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय ना, तो डिक्शनरी पानामागून पान पाठ करतो. सध्या बी-ए-एन चालूय. बॅन म्हणजे बंदी, बँक ऑन म्हणजे भरवसा ठेवणे, गो बनानाज म्हणजे डोकं सटकणे, असं दिवसभर घोकतो आणि जेवायच्या टायमाला निम्मं विसरतो. मी त्याला सांगितलं, बाबा, पहिली तीन अक्षरं सारखी म्हणून काही ते भाऊबंद होत नाहीत, आधी कोण कोणाचं ते बघ.

आता बँक घे. इटालियनमध्ये बांका म्हणजे बाकडं, सराफ लोक त्यावर पैसे मांडून बसायचे. बँकरप्ट म्हणजे मोडलेलं बाकडं. आणि बँक्वेट म्हणजे मुळात छोटं बाकडं! म्हणजे दिवाळं आणि मेजवानी एकाच घरातले, हे कळल्यावर पोरगं हसत सुटलं आणि तिन्ही शब्द जे डोक्यात बसले ते बसलेच. बनानाचा मात्र यांच्याशी काही संबंध नाही, तो पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांमधून पोर्तुगीजांच्या तोंडी बसला आणि तिथून इंग्रजीत आला. आपल्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाची खास ओळख सांगणारा सरकारी शिक्का मिळाला पण नाव आफ्रिकेचं, असो.

खरी मजा पुढेच आहे. बँगल आपल्याकडच्या बांगडीवरून, बंडाना बांधणी कापडावरून, बँडिकूट तर तेलुगूतला पंदिकोक्कू, म्हणजे डुक्कर-उंदीर, आपली घूस रे! आणि बनियन? वडाच्या झाडाला इंग्रज बनियन म्हणतात कारण इराणच्या आखाताकडे आपले वाणी व्यापारी अशा एका झाडाखाली बसायचे म्हणे, त्यांच्यावरून झाडाला नाव. वाण्यांचा सैल अंगरखा पण बनियनच, आणि आता उन्हाळ्यात आपण ओट्यावर जे घालून बसतो तेही तेच. कुठून कुठे गेला आणि परत कोणाच्या अंगावर आला बघ.

हे सगळं परीक्षेत येणार नाही, भाचा तोंडावर बोललाच तसं. पण घोकंपट्टीपेक्षा हे बरं, मला तरी पटतं.

आता पी-ए-एन तू बघ. पॅनिक ग्रीकांच्या पॅन देवावरून, तो रानात लोकांना घाबरवायचा. पॅन्ट्री मात्र लॅटिनमधल्या पानिसवरून, पानिस म्हणजे भाकरी, आणि आपला पाव पण पोर्तुगीजांकडून त्याच घरातला. पुढच्या वेळेस भुसावळला उतरण्याआधी पॅन्ट्रीवाल्याकडून पाव-आमलेट घेशील तेव्हा त्याला सांगून बघ, काय म्हणतो ते मला कळव. आणि पोळ्याला ये, वहिनीला पण आण.

तुझा,
बंड्या