टीव्हीवर चित्र कापलं म्हणजे पॅनल गेलं असं नसतंय

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

गेल्या आठवड्यात पोरीच्या ऑनलाइन क्लाससाठी लॅपटॉप एचडीएमआय वायरनं टीव्हीला जोडला तर चित्र चारी बाजूनं कापलेलं, खालचा टास्कबार अर्धा गायब, घड्याळाचे आकडे पण दिसेनात. एका दुकानदारानं पॅनल, म्हणजे टीव्हीचा पडदाच, गेलंय म्हणून सांगितलं आणि आम्ही पैसे भरणारच होतो. खरं तर याला ओव्हरस्कॅन म्हणतात, जुन्या डब्बा टीव्हीत कडेचं चित्र नीट यायचं नाही म्हणून ते थोडं मोठं करून कडा झाकायचे, तीच पद्धत नव्या टीव्हीत पण राहिलीय. रिमोटनं पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन १६:९ च्या जागी जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट केलं की चित्र पूर्ण येतं, नाव कंपनीप्रमाणं वेगळं असतं. लॅपटॉपचं रिझोल्युशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, टीव्हीचंच ठेवायचं, फुल एचडी असला तर १९२० बाय १०८०, नाहीतर अक्षरं फिसकटतात. आणि नो सिग्नल आलं तर आधी टीव्हीचा इनपुट बघा, म्हणजे वायर ज्या एचडीएमआय खाचेत लावलीय तीच रिमोटनं निवडलीय का, मग विंडोजच्या बटणासोबत पी दाबून डुप्लिकेट निवडा.

दुकानदारांनी सेटिंग बघितल्याशिवाय पॅनलचं नाव काढू नये ही कळकळीची विनंती, साधा माणूस लगेच घाबरतो हो.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर