मंत्री महोदय, हरिपाठ मधे थांबवू नका

मा. मंत्री महोदय,
रामकृष्ण हरी.

आम्ही तापी-पूर्णेच्या काठच्या गावांतले टाळकरी, विणेकरी. येत्या सप्ताहांच्या पत्रिकांवर आपले नाव छापले जाईल, म्हणून आधीच लिहितो आहोत.

ज्ञानेश्वर माउलींच्या हरिपाठाचे अभंग २७. प्रत्येक अभंगानंतर ‘हरि मुखे म्हणा’ हे ध्रुपद. टाळकऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर, मधे विणेकरी. एका ओळीने चरण म्हणायचा, दुसरीने उचलायचा. समोरचे म्हणतात तेवढ्यात म्हाताऱ्या माणसाला दम घेता येतो आणि ऐकलेले आत उतरते. पावली, म्हणजे टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर टाकायची पावले, धरून नीट म्हटला तर पाऊण ते एक तास लागतो.

तोच आता निम्म्या वेळात उरकतात, आणि उरकणारे आमचेच विश्वस्त आणि कमिटीचे अध्यक्ष. पाहुण्यांची गाडी भुसावळहून निघाल्याचा फोन आला की मृदंगाची लय वाढवायला खूण होते. आधी ध्रुपद गळते. मग दम पुरत नाही, मागच्या ओळी गप्प होतात आणि माइकवर एकटा गाणारा उरतो. तरीही वेळ पुरला नाही, तर आठव्या अभंगावरून थेट शेवटावर उडी. पुढारी मंडळींचे ओठ हलतात, पण टाळ वाजत नाही; नजर मंडपाच्या दाराकडे. गाडी आली की निवेदक मधेच थांबवतो, शाल-श्रीफळ होते, आणि मोडलेली पावली पुन्हा जुळत नाही.

गळणाऱ्यांत दहावा अभंगही जातो. चित्त नामात नसेल तर त्रिवेणी संगमावर जाऊनही व्यर्थ, असे माउली त्यात सांगतात. आमच्या तापी-पूर्णेच्या संगमावर तर चांगदेवाचेच मंदिर. चौदाशे वर्षांच्या त्या योग्याचे कोरे पत्र पाहून ‘अजून कोराच’ म्हणताना मुक्ताईने भीड धरली नाही, ही कथा इथल्या पोरांनाही पाठ आहे. आम्हीही भीड सोडून मागतो.

आपल्या स्वीय सहायकांनी हरिपाठाची वेळ अध्यक्षांना नको, विणेकऱ्याला विचारावी. आधी आलात तर टाळ घेऊन ओळीत उभे राहा. उशीर झाला तर चपला काढून मागच्या ओळीत या, घोषणा नको. सत्कार आरतीनंतर, कीर्तन उभे राहण्याआधी पाच मिनिटांत होतो. बोलायचे ते वरण-बट्टीच्या पंगतीला निवांत बोलू. आपण २७ अभंग पूर्ण उभे राहून म्हटलेत, तर आपल्या नावावर घाई करायला कुणाला तोंड उरणार नाही.

पत्रिका छापायला जाण्याआधी कळवा, म्हणजे सत्काराची वेळ आरतीनंतरची छापता येईल.

आपले,
टाळकरी व विणेकरी मंडळी